मिनिटाला ब्याण्णव

एका मिनिटाला ठोके किती, एवढाच प्रश्न होता. डॉक्टर मनगटावर बोटं ठेवून पाव मिनिटात सांगतो. मला सव्वीस दिवस लागले, आणि उत्तर मिळाल्यावर ते मिळालं नसतं तर बरं झालं असतं असं वाटलं. पण ते पुढे येईलच. आधी मला माझी बाजू मांडू द्या, कारण डिलाईल रोडला ह्या प्रकरणाच्या निदान चार आवृत्त्या फिरताहेत आणि चारही आवृत्त्यांत मी थोर माणूस आहे.

मी शामराव घाडीगावकर. विमा कंपनीत छत्तीस वर्षं कारकुनी केली, शेवटची आठ वर्षं हेडक्लार्क होतो, पण चाळीत ते कोणाला ठाऊक नाही. चाळीत मी बुवा. आमच्या श्री रवळनाथ प्रासादिक भजन मंडळात पेटी माझी, आवाज माझा आणि, खोटं कशाला बोलू, बरीचशी मतंही माझीच. पखवाजावर दौलत गुरव. अडतीस वर्षं तो माझ्या उजव्या हाताला बसला.

दौलत माणूस सोन्यासारखा, पण त्याच्यात एक खोट होती. तो धावायचा. अभंग सुरू व्हायचा आरामात, आणि दुसऱ्या कडव्याला पखवाज पुढे पळालेला असायचा. गजराला लय चढवायचीच असते, तो भाग वेगळा. अभंगात चढवली तर देव दचकून उठतो. चौऱ्याण्णव साली परळला डबलबारी होती, म्हणजे दोन भजनी मंडळांचा आमनेसामने सामना, आणि तो आम्ही ह्याच कारणाने हरलो. स्टेजवरून उतरताना मी सगळ्यांच्या देखत म्हणालो, "पखवाज धावला, त्याला मी काय करू?"  दौलत खाली बघून पखवाजाला खोळ घालत राहिला.

त्या दिवसापासून त्याचं नाव पडलं 'धावता दौलत'. बारशाला म्हणा, लग्नाला म्हणा, कोणीतरी म्हणायचंच, "दौलत आला काय? मग जेवणं आटपली समजा!" सगळे हसायचे, तोही हसायचा. दुसऱ्या कुठल्या मंडळाने त्याला कधी साथीला बोलावलं नाही. एकदा वरळीच्या एका मोठ्या बुवांना पखवाजी हवा होता, त्यांनी माझ्याकडेच चौकशी केली. मी म्हटलं, हात गोड आहे, पण धावतो. आता खरं तेच सांगायला नको का माणसाने?

गेल्या श्रावणात दौलतला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. बोलणं राहिलं, पण एकेक शब्द तोंडाबाहेर यायला वेळ लागतो. आणि मार्गशीर्षात मंडळाचा सुवर्णमहोत्सव!

कमिटीची मीटिंग बसली. आमचा सेक्रेटरी वैभव म्हणाला, "बुवा, करी रोडला एक पोरगा आहे, कडक वाजवतो. बोलवूया ना." मी उभा राहिलो. मीटिंगमध्ये मी उभा राहिलो की लोक घड्याळ बघतात, पण त्या दिवशी नाही बघितलं. मी म्हणालो, "दौलतच्या जागेवर दुसरा बसणार असेल तर पेटी विकून टाका!" टाळ्या पडल्या. टाळ्या थांबल्यावर वैभवने विचारलं, "मग वाजवणार कोण?" एवढा पुढचा विचार मी केला नव्हता.

तेव्हा दुसऱ्या मजल्यावरचा यशोधन बोलला. हा लोअर परळला कम्प्युटर कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे आणि फावल्या वेळात घरी बसून गाणी बनवतो. तो म्हणाला, "दौलतकाकांचं जुनं रेकॉर्डिंग असेल तर लूप करू. चार आवर्तनं कापायची, शेवटाला सुरुवात जोडायची, की पाहिजे तेवढा वेळ फिरत राहतात. फक्त टेम्पो सापडला पाहिजे. मिनिटाला किती ठोके, तो आकडा. तो बरोबर बसला की जोड कळत नाही." मी म्हटलं, "एवढंच ना? मोजतो." यशोधनने आपला जुना लॅपटॉप आणून दिला, त्यात ते सॉफ्टवेअर घालून दिलं, अर्धा तास शिकवलं, म्हणाला, "एकदम सोपंय बुवा," आणि ऑफिसला गेला. तरुण माणूस सोपं म्हणाला की आपण तिथेच सावध व्हावं. मी झालो नाही.

कॅसेट माझ्याकडेच होती. कधीतरी तालमीला मला उशीर झाला होता, आणि मी येईपर्यंत दौलत चार मिनिटं एकटाच वाजवत बसला होता. टेपरेकॉर्डर कोणीतरी चालू ठेवून गेलं होतं. मागे कुणाच्या तरी नळाचं पाणी, मध्येच एक शिंक, आणि त्या सगळ्यातून दौलतचा हात. यशोधनने ते लॅपटॉपमध्ये उतरवून दिलं होतं. मी बटण दाबलं. सॉफ्टवेअरने क्षणभर विचार केला आणि आकडा दाखवला. एकशे चौऱ्याऐंशी.

एकशे चौऱ्याऐंशी ठोके! ह्या वेगाने अभंग म्हटला तर मंडळातले दोघे तरी जागेवर आडवे होतील. मी पुन्हा दाबलं. शेहेचाळीस. ह्या वेगाने म्हटला तर श्रोते होतील. तिसऱ्यांदा दाबलं, ब्याण्णव.

तिसऱ्या मजल्यावरच्या कालिंदीबाई दादरच्या शाळेतून संगीत शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांना आपल्याला कोणी काही विचारत नाही ह्याचं जुनं दुःख आहे. मी विचारलं, तर त्या चहा अर्धा टाकून आल्या. म्हणाल्या, "घाडीगावकर, निम्मी, बरोबरीची आणि दुप्पट, लय एकच असते. यंत्राला कळतंय, तुम्हालाच कळत नाहीये. ब्याण्णव धरा आणि गप्प बसा." मी म्हटलं, "बाई, पण सुरुवातीला ब्याण्णव असेल. शेवटाला किती?" त्यांनी शेवटचं अर्धं मिनिट लावून बघितलं. ब्याण्णव. मधलं लावलं. ब्याण्णव.

आता तुम्हीच सांगा. धावता दौलत चार मिनिटं एकाच आकड्यावर? अहो, सूर्य पश्चिमेला उगवला म्हणालात तर मी एकवेळ खिडकीतून बघून येईन. मी ओळखलं, सॉफ्टवेअर खराब आहे. तसं पत्रही त्या कंपनीला लिहिलं, ऑफिसच्या शिरस्त्याप्रमाणे, विषय आणि संदर्भ घालून. उत्तर दोन मिनिटांत आलं. माझं पत्र वाचून त्यांना अतिशय आनंद झाला होता. कारण कळवलं नव्हतं.

मग अप्पांना बोलावलं. अप्पा चौऱ्याऐंशीचे. गिरणीत टाइमकीपर होते, आणि गिरणी जाऊन इतकी वर्षं झाली तरी त्यांचं स्टॉपवॉच अजून चालू आहे. ते मांडी घालून बसले, घड्याळ दाबलं, ओठांतल्या ओठांत मोजायला लागले. मिनिट संपल्यावर म्हणाले, "एकसष्ट." मध्ये त्यांना डुलकी लागली होती. दुसऱ्या वेळी सुचित्राने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीने, शेजारी उभं राहून त्यांना जागं ठेवलं. आकडा आला ब्याण्णव.

यशोधनने फोनवरून आणखी एक युक्ती सांगितली. पखवाज ऐकायचा आणि प्रत्येक ठोक्याला कीबोर्डची लांब पट्टी दाबायची, आकडा आपोआप दिसतो. मी दाबायला बसलो. ब्याण्णव. त्र्याण्णव. पंच्याण्णव. अठ्ठ्याण्णव. एकशे तीन! मी ओरडलोच, "बघा! धावतोय की नाही? मी सांगत होतो!" मला इतका आनंद झाला होता म्हणून सांगू! अप्पा म्हणाले, "बघू, मी दाबतो." ब्याण्णव. कालिंदीबाई, ब्याण्णव. सुचित्रा पोळ्या लाटत होती, तिने पिठाच्या हाताने येऊन एका बोटाने दाबलं आणि तव्यावरची पोळी उलटायला परत गेली. ब्याण्णव.

"ह्या पट्टीखाली काहीतरी अडकलंय," मी म्हणालो.

"नाचता येईना, अंगण वाकडं," आतून आवाज आला. मी तिकडे दुर्लक्ष केलं. एकशे तीन धरून लूप कापला. तो असा निघाला की दर चौथ्या आवर्तनाला पखवाज लंगडायचा. तीन दिवस तो लंगडा पखवाज आमच्या खोलीत फिरत होता. चौथ्या दिवशी शेजारच्या सीमाताईंनी विचारलं, घरात कोणाचा पाय मोडलाय का. तेव्हा नाइलाजाने, केवळ लोकाग्रहास्तव, मी ब्याण्णव धरलं. लूप गोल फिरायला लागला. जोड कुठे आहे ते शोधूनही सापडेना.

मध्ये पोलीस ठाण्याच्या तीन खेपा झाल्या. माइकची परवानगी हवी होती. अर्जात वाद्यांचा तपशील मागितला होता. मी प्रामाणिकपणे सगळा लिहिला, हीच माझी चूक. हवालदारसाहेबांनी विचारलं, "पखवाज वाजवणार कोण?"

"दौलत गुरव."

"ते हजर असणार?"

"हजर असणार, पण वाजवणार नाहीत."

"मग वाजवणार कोण?"

"लॅपटॉप."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "लॅपटॉपवर वाजणार म्हणजे डीजे. डीजेचा अर्ज वेगळा."

"अहो साहेब, अभंग आहेत! अभंगाला कुठला डीजे?"

"ते मी कसं सांगू काका? रकाने दोनच आहेत. माणूस वाजवणार असेल तर पारंपरिक. नसेल तर डीजे." माणूस सभ्य होता, त्याने पाणीही विचारलं. पण शेवटी परवानगी मिळाली ती 'श्री रवळनाथ प्रासादिक भजन मंडळ, डीजेसह' अशी. तो कागद वैभवने नोटीस बोर्डावर लावला. पन्नास वर्षं जपलेल्या मंडळाच्या अब्रूचं काय झालं ते विचारू नका. खालच्या माळ्यावरच्या पोरी मला थांबवून विचारायच्या, "बुवा, डीजे किती वाजता?"

पण माझ्या मनातून ब्याण्णव जाईना. दौलत धावतो हे अडतीस वर्षांचं सत्य होतं, आणि एक यंत्र, एक मास्तरीण, एक टाइमकीपर आणि माझी बायको मिळून ते खोटं ठरवत होते. मला शास्त्रीय पुरावा हवा होता. चौऱ्याण्णवच्या डबलबारीची कॅसेट माळ्यावरच्या ट्रंकेत होती. यशोधनकडून ती उतरवून घेतली. सॉफ्टवेअरमध्ये एक सोय आहे. पूर्ण गाणं घातलं की लयीची एक रेघ काढून दाखवतं. लय वाढली की रेघ वर, कमी झाली की खाली. दुपारी जेवण झाल्यावर मी ते लावलं. रेघ ब्याण्णववर सुरू झाली आणि चढत चढत गेली एकशे सतरावर.

"अगो ये!" मी सुचित्राला हाक मारली. "ये आणि बघ! हा बघ तुझा दौलत!"

ती कोथिंबिरीची जुडी घेऊन आली. चष्मा लावला. पूर्ण गाणं ऐकलं, रेघ बघितली. मग शांतपणे म्हणाली, "इथे रेघ खाली का येते हो?"

"कुठे?"

"इथे. आणि इथे. कोरस गातो तिथे खाली येते. तुम्ही ओळ घेतली की वर जाते."

  कोथिंबिरीची जुडी घेऊन ती आत गेली. छत्तीस वर्षांच्या संसारात एवढ्या मोठ्या विजयावर ती एक शब्द न बोलता आत गेली ही पहिलीच वेळ.

त्या आठवड्यात मी माझ्याकडच्या सातही कॅसेट तपासल्या. दौलत एकटा, ब्याण्णव. दौलत आणि कोरस, ब्याण्णवच्या आसपास. माझा आवाज आला की रेघ उठायची, आणि अर्ध्या ठोक्याने मागून पखवाज यायचा. आधी मी, मग तो. सात कॅसेटांत एकदाही तो आधी नाही. तो कधी धावलाच नव्हता. धावत होतो मी, आणि मी पुढे एकटा पडू नये म्हणून तो मागून पळत येत होता. आणि खाली उतरून मी चारचौघांत त्याच्याच नावाने बोंब मारत होतो. वरळीच्या बुवांना सांगितलेलं आठवलं. मला स्वतःची इतकी लाज वाटली की त्या दिवशी मी पेटीला हात लावला नाही.

दौलतला सांगायला हवं होतं. तो समोरच्या चाळीत तळमजल्याला राहतो, गल्ली ओलांडली की त्याचं दार. तरी जायला मला पाच दिवस लागले. पहिल्या दिवशी पाय दुखत होता. दुसऱ्या दिवशी एकादशी. माणूस स्वतःला अर्ज करून स्वतःच रजा मंजूर करायला लागला की रजा कधी कमी पडत नाही. सहाव्या दिवशी लॅपटॉप काखेत मारून गेलो.

"येवा बुवा," दौलतची बायको, लक्ष्मीवहिनी, म्हणाल्या. "तुमच्यावांगडा बसलेत की ह्यांका बरा वाटता." वांगडा म्हणजे आमच्या मालवणीत सोबत. दौलत खाटेवर उशीला टेकून बसला होता. उजवा हात मांडीवर ठेवलेला, म्हणजे कोणीतरी ठेवलेला. मी लूप लावला. त्याने डोळे मिटले. डाव्या हाताची बोटं खाटेच्या कडेवर हलायला लागली. बऱ्याच वेळाने म्हणाला, "माझोच हात मा?"

"तुझोच रे."

"बरो... वाजता."

वहिनी पदर तोंडाला लावून आत गेल्या. आता सांगायचं, असं ठरवून मी तोंड उघडलं, आणि म्हणालो, "पोलिसांनी आपल्याक डीजे करून टाकल्यानी!" मग हवालदाराची सगळी गोष्ट नकला करून सांगितली. तो अर्ध्या तोंडाने हसला. हसून झाल्यावर माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, "तुका... काय सांगूचा हा?"

"काय नाय रे," मी म्हटलं, आणि लॅपटॉप मिटला.

घरी येऊन मी एक हिशेब केला. सांगण्यापेक्षा सुधारून दाखवू. मी ब्याण्णववर गायलो की झालं! पुढचे वीस दिवस रोज दुपारी लूप लावून रियाज केला. सुचित्रा समोर बसून बोटाने ताल धरायची आणि मी सुटलो की डोळे वटारायची. शेवटच्या आठवड्यात तिने फक्त दोनदा वटारले. मला वाटलं, जमलं.

सुवर्णमहोत्सव चाळीच्या पटांगणात झाला. मांडव, रांगोळी, पन्नास वर्षांचे फोटो. दौलतला चाकाच्या खुर्चीतून आणून पहिल्या रांगेत बसवलं होतं, नवा सदरा घालून. माझ्या उजव्या हाताला त्याची जागा मोकळी ठेवून तिथे लॅपटॉप मांडला होता, त्यालाही कोणीतरी हळदकुंकू लावलं होतं. यशोधनने बटण दाबलं आणि दौलतचा पखवाज पटांगणात घुमला.  अप्पांच्या डोळ्यांत पाणी. मी सूर धरला. पहिलं कडवं असं बसलं म्हणता, मला माझाच अभिमान वाटला. आणि तिथेच गेलो. अभिमान वाटला आणि मी सुटलो.

सुटल्याचं मला कळलंच नाही, अहो. कधी कळलं होतं? अडतीस वर्षं मी पुढे गेलो की बाजूचा पखवाज बरोबर यायचा, त्यामुळे मी जागेवरच आहे असं वाटायचं. लॅपटॉप आला नाही. तो ब्याण्णववर बसून राहिला. दुसऱ्या कडव्याच्या शेवटी मी एकीकडे आणि पखवाज भलतीकडेच. टाळकऱ्यांची वाटणी झाली, निम्मे माझ्याकडे, निम्मे लॅपटॉपकडे. वैभवची झांज दोघांच्या मध्ये कुठेतरी लटकत होती. यशोधन घाबरून बटणं दाबायला लागला, तर पखवाज बंद होऊन त्याचं स्वतःचं कुठलं तरी नाचाचं गाणं सुरू झालं. "डीजे आला रे!" पोरांनी शिट्ट्या मारल्या. ते बंद झालं तेव्हा मागून कोणीतरी मोठ्याने ओरडलं, "मशीनमध्ये घातला तरी दौलत काय ऐकेना! धावलाच!"

सगळं पटांगण हसलं. दौलतही हसला, सवयीने. ते त्याचं हसणं मला बघवलं नाही. मी माइक ओढला.

"मंडळी, पखवाज धावला नाही," मी म्हणालो. "पखवाज कधीच धावला नाही. मी धावतो. अडतीस वर्षं मीच धावतोय आणि नाव ह्याचं सांगतोय. चौऱ्याण्णवची बारी आपण माझ्यामुळे हरलो. दौलतसारखा लयीचा पक्का पखवाजी परळ-लालबागला दुसरा नाही. मी त्याचं नुकसान केलं. लॅपटॉपमध्ये रेघा आहेत, या आणि बघा."

 मग अप्पा काठी टेकत उभे राहिले. "ह्याला म्हणतात मैत्री!" ते थरथरत म्हणाले. "मित्र आजारी, म्हणून त्याचं पाप स्वतःच्या डोक्यावर घेतलं! असा बुवा होणे नाही!" आणि टाळ्यांचा जो काय कडकडाट झाला, तेवढा मला माझ्या गाण्याला आयुष्यात मिळाला नव्हता.

"अहो, मैत्री नाही, खरं सांगतोय!" मी ओरडलो. टाळ्या वाढल्या. प्रमुख पाहुण्यांनी माझ्या हातातून माइक काढून घेतला आणि घाडीगावकर बुवांच्या मनाच्या मोठेपणावर दहा मिनिटं बोलले. कालिंदीबाईंना तरी कळायला हवं होतं, तर त्याही डोळे पुसत होत्या. यशोधन कानात म्हणाला, "सॉरी बुवा, लॅपटॉप गरम झाला होता. पण तुम्ही काय सांभाळून घेतलंत!" मला शाल घातली. श्रीफळ दिलं. सुचित्राने टाळ्या वाजवल्या नाहीत. दौलतला वाजवता येत नाहीत. बाकी सगळं पटांगण वाजवत होतं.

लोक जेवायच्या पंगतीकडे वळल्यावर मी त्याच्या खुर्चीपाशी गेलो. बाजूच्या खुर्चीवर बसलो. त्याच्याकडे बघायचा धीर होईना, म्हणून नारळाकडे बघत म्हणालो, "ऐकलंस मा? मी खरा सांगलंय, दौलत. पण कोण मानूक तयार नाय."

"माका... म्हायत होता," तो म्हणाला.

"काय म्हायत होता?"

"तू धावतंस ता."

"कधीपासून?"

"पयल्यापासून."

मी मान वर केली. "मगे बोललंस कित्याक नाय? एवढी वर्सां लोक तुका हसले! एक दिवस तरी बोलाचा मरे!"

तो शब्द जुळवत राहिला. तोंडाच्या कडेला आलेली लाळ वहिनींनी पुसली. मग म्हणाला, "सांगलंय असतंय... तर तू गाणा सोडलं असतंस." थोडा थांबला. "मगे मी कोणावांगडा वाजवूचा?"

मला रडू फुटलं. अडुसष्ट वर्षांचा माणूस, अंगावर शाल, मांडीवर नारळ, आणि पंगतीत वाढणारी पोरं बघताहेत, तरी मला थांबवता येईना. त्यांनी लांबून बघून एकमेकांना सांगितलं म्हणे, की बुवांचं काळीज फार हळवं. चार आवृत्त्यांतली एक तिथूनच निघाली.

हल्ली मी रोज संध्याकाळी त्याच्याकडे जातो. लॅपटॉप यशोधनला परत केला. पेटी उघडतो आणि एक अभंग म्हणतो. दौलत डोळे मिटून ऐकतो. पहिलं कडवं ठीक जातं. दुसऱ्या कडव्याला मी पुढे निघालेला मला आता स्पष्ट ऐकू येतो. बरोबर कोणी येत नाही.